लॉकडाऊनमध्ये भाडं माफ झालंच नव्हतं, मग नेमकं काय झालं होतं?

१७ एप्रिल २०२० ला महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने एक परिपत्रक काढलं आणि व्हॉट्सअॅपवर ते "तीन महिने भाडं माफ" म्हणून फिरलं. अजूनही लोक तसंच सांगतात, की सरकारने भाडं माफ केलं होतं पण आमच्या मालकाने ऐकलं नाही. मालक कसाही असो, परिपत्रकात माफी नव्हतीच. घरमालकांना सूचना एवढीच होती की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला आणि भाडं थकलं म्हणून या काळात कोणाला बाहेर काढू नका. म्हणजे एप्रिल, मे, जूनचं भाडं नंतर द्यायचंच होतं, आणि ज्याची गाडी, टपरी, टेलरिंगचं दुकान मार्चपासून बंद आहे त्याने ते एकदम कुठून उभं करायचं यावर तो कागद गप्प होता.

त्याच्या आधी २९ मार्चला केंद्राच्या गृहमंत्रालयानेही आदेश काढला होता की मजुरांकडून, त्यात परप्रांतातून आलेलेही आले, एक महिना भाडं मागू नका, आणि मजूर किंवा विद्यार्थ्यांना खोली खाली करायला लावलीत तर कारवाई होईल. हाही आदेशच. पैसा कोणी दिला नाही.

भाड्याच्या बाबतीत सरकार साधारण तीन प्रकारचं काही करू शकतं आणि आपण ते तिन्ही एकत्र कालवतो. भाडं उशिरा दिलंत तरी चालेल, ही झाली सवलत. भाडं दिलं नाहीत तरी तुम्हाला बाहेर काढता येणार नाही, ही झाली बंदी. आणि तुमचं थकलेलं भाडं सरकारने स्वतः भरणं, ही झाली खरी मदत. पहिल्या दोन्ही सरकारला जवळपास फुकटात पडतात, सही-शिक्का केला की झालं, तिसरीला मात्र पैसा लागतो, आणि पैशाहून अवघड म्हणजे तो नेमक्या घरापर्यंत नेणारी यंत्रणा लागते. करोनात पहिल्या दोन गोष्टी कितीतरी देशांनी केल्या. उदाहरणार्थ जर्मनीने एप्रिल ते जून २०२० चं भाडं थकलं तर करार मोडता येणार नाही असा कायदा केला आणि थकबाकी फेडायला जून २०२२ पर्यंत मुदत दिली. तिसरी गोष्ट प्रचंड प्रमाणावर केली ती अमेरिकेने, आणि त्यात त्यांची जी तारांबळ उडाली तिच्यातून आपल्याला शिकण्यासारखं बरंच आहे.

आता कोणी म्हणेल साथीचा रोग आणि घरभाडं यांचा संबंध काय, भाडं थकणं हा तर नेहमीचाच विषय. संबंध अगदी थेट आहे. सगळ्यांनी घरात बसा म्हणायचं तर आधी बसायला घर पाहिजे. ज्या कुटुंबाला बाहेर काढलं ते हवेत विरत नाही, ते भावाकडे, मेहुण्याकडे जातं आणि दोन खोल्यांत नऊ माणसं झोपायला लागतात, आणि मग त्यातल्या एकाला खोकला सुरू झाला की पुढचं सांगायला नको. अमेरिकेत २०२० च्या उन्हाळ्यात २७ राज्यांनी बेदखलीवरची बंदी उठवली, आणि संशोधकांनी नंतर अंदाज काढला की त्यामुळे सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत सुमारे ४ लाख ३३ हजार जास्तीचे रुग्ण आणि सुमारे १० हजार ७०० जास्तीचे मृत्यू झाले. अंदाजच आहे तो, डोकी मोजलेली नाहीत, पण रोख स्पष्ट आहे.

म्हणूनच तिथे एक विचित्र गोष्ट झाली. घरमालकांना आदेश काढला तो रोगनियंत्रण करणाऱ्या सीडीसी या संस्थेने. आपल्याकडे समजा आयसीएमआरने उठून सांगितलं की भाडेकरूला काढू नका, तसंच. त्याआधी मार्च २०२० च्या केअर्स कायद्यात १२० दिवसांची बंदी होती, पण ती फक्त केंद्र सरकारच्या कर्जाशी किंवा योजनेशी जोडलेल्या घरांना लागू होती आणि ती जुलैत संपली. मग ४ सप्टेंबर २०२० पासून सीडीसीचा आदेश आला, जवळपास देशभर. भाडेकरूने एक घोषणापत्र सही करून मालकाला द्यायचं की माझं उत्पन्न घटलंय, मी जमेल तेवढं भाडं भरायचा प्रयत्न करतोय, मला काढलं तर मी रस्त्यावर येईन किंवा कोणाच्या तरी घरात गर्दी करून राहावं लागेल. उत्पन्नाची मर्यादा एकट्याला वर्षाला ९९ हजार डॉलर, म्हणजे अगदी गरिबांपुरतंच नव्हतं ते.

पण भाडं चढतच होतं. बंदीने मीटर थांबला नव्हता, फक्त वसुलीवाला दाराबाहेर उभा होता. वर्ष होत आलं तेव्हा लाखो कुटुंबांच्या डोक्यावर आठ-आठ, दहा-दहा महिन्यांचं भाडं साठलेलं, आणि पलीकडे मालकांचंही काही बरं नव्हतं, कारण मालक म्हणजे दरवेळी मोठी कंपनी नसते, एखाद्या रिटायर्ड जोडप्याने वरचा मजला भाड्याने दिलेला असतो आणि त्यावरच त्यांचं औषधपाणी चालतं. बेदखलीवर नुसती बंदी घालायची म्हणजे साथीचा खर्च सरकारने स्वतः न उचलता घरमालकाकडून उसना घेण्यासारखं आहे. थोडे महिने ठीक आहे, कायमचं नाही.

आपल्याकडे याच काळात एक गंमत झाली, गंमत म्हणवत नाही खरं तर. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० ला कर्जाच्या हप्त्यांना तीन महिने सवलत दिली, मग ती ऑगस्टपर्यंत वाढवली. व्याज चढत होतं, पण निदान बँक दारात आली नाही, आणि पुढे सरकारने ठरावीक कर्जांवरचं व्याजावरचं व्याजही परत केलं. म्हणजे ज्याच्याकडे गृहकर्ज होतं, सातबारा-सॅलरी स्लिप-पॅनकार्ड सगळं रीतसर होतं, त्याच्यासाठी यंत्रणा हलली. ज्याच्याकडे भाड्याची खोली होती त्याला एक परिपत्रक.

बरं, अमेरिकेकडे परत येतो. २७ डिसेंबर २०२० ला सही झालेल्या कायद्यात भाडे मदतीसाठी २५ अब्ज डॉलर आले आणि ११ मार्च २०२१ च्या दुसऱ्या कायद्यात आणखी २१.५५ अब्ज. एकूण साडेसेहेचाळीस अब्ज, तेव्हाच्या दराने सुमारे ३ लाख ४० हजार कोटी रुपये, आणि तेही मुख्यतः भाडं आणि वीज-पाण्याच्या बिलांसाठी. पात्र कोण? साथीमुळे ज्याची नोकरी गेली, उत्पन्न घटलं किंवा खर्च वाढला, ज्याचं घर जायचा धोका आहे आणि ज्याच्या घरातलं उत्पन्न त्या भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या ८० टक्क्यांच्या आत आहे. हे "त्या भागातल्या" फार महत्त्वाचं आहे, कारण सॅन फ्रान्सिस्कोत जो पगार तुटपुंजा वाटतो तोच एखाद्या छोट्या गावात चांगला असतो, आपल्याकडे मुंबई आणि परभणीला एकच दारिद्र्यरेषा लावली की काय होतं ते सांगायला नको. त्यातही ५० टक्क्यांच्या आतले किंवा ९० दिवसांपासून बेकार असलेले आधी. पहिल्या कायद्याच्या पैशातून बारा महिन्यांचं भाडं मिळायचं, गरज असेल तर वर तीन महिने, आणि दोन्ही कायद्यांचे पैसे मिळून कमाल अठरा.

वॉशिंग्टनमधून हा पैसा राज्यांना, दोन लाखांवर वस्ती असलेल्या शहरांना आणि काउंट्यांना (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या), शिवाय आदिवासी जमातींच्या सरकारांना गेला, आणि प्रत्येकाने आपापलं ऑफिस, आपापला फॉर्म, आपापलं पोर्टल काढलं. शेकडो योजना, शेकडो प्रकारचे नियम. बऱ्याच ठिकाणी भाडे मदत नावाचं खातंच आधी कधी नव्हतं, तिथे माणसं भरण्यापासून सुरुवात. परिणाम असा की जुलै २०२१ संपला तेव्हा साडेसेहेचाळीस अब्जांपैकी फक्त ११ टक्क्यांच्या आसपास रक्कम वाटली गेली होती, आणि नेमकी त्याच ३१ जुलैला बंदीची मुदत संपली. ३ ऑगस्टला घाईघाईने नवीन बंदी काढली, ती २६ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने उडवली, की रोगनियंत्रण संस्थेला एवढा अधिकार कायद्याने दिलेलाच नाही. बंदीचा खरा उपयोग पैसे पोचेपर्यंत वेळ काढणं हा होता, आणि वेळ संपली तरी पैसे वाटेतच. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

पैसे नेमके अडले कुठे हे बघितलं की सगळा विषय उघडा पडतो, म्हणून इथे जरा थांबूया. सुरुवातीच्या नियमात भाडेकराराची प्रत, उत्पन्नाचा पुरावा, साथीमुळेच नुकसान झाल्याचा पुरावा, असं सगळं मागत होते. आता विचार करा, जो माणूस हॉटेलात भांडी घासून रोख पगार घेतो आणि कोणाच्या तरी फ्लॅटमधली एक खोली तोंडी बोलीवर घेऊन राहतो त्याच्याकडे यातलं काय असणार. त्यात पहिल्या टप्प्यातली रक्कम आधी मालकाला द्यायचा प्रयत्न करायचा होता, म्हणजे मालकाने पण फॉर्म भरायचा, कराची माहिती द्यायची, अटी मान्य करायच्या, आणि बरेच मालक उत्तरच देत नव्हते. कोणाला भाड्याचं उत्पन्न दाखवायचं नव्हतं, कोणाला तो भाडेकरूच नको होता. (ही मदत भाडेकरूच्या उत्पन्नात धरत नव्हते, पण मालकासाठी ते भाड्याचं उत्पन्नच, त्यावर कर लागणार.) भाडेकरू पात्र, पैसे तयार, आणि अर्ज मालकाच्या एका सहीसाठी लटकलेला.

मग हळूहळू नियम ढिले केले. फेब्रुवारी २०२१ मध्ये अर्थखात्याने सांगितलं की कागद नसेल तर अर्जदाराचं लेखी स्वयंघोषणापत्र चालेल. पुढे अशीही मुभा दिली की अर्जदार ज्या वस्तीत राहतो तिथलं सरासरी उत्पन्न बघा आणि त्यावरून तो पात्र आहे असं धरून चला, प्रत्येकाच्या पगाराच्या पावत्या तपासत बसू नका. मालक सही करत नसेल तर थेट भाडेकरूच्या हातात द्या. आता यात खोटे अर्ज येणार, ते आलेही असतील, पण शंभर खऱ्यांना ताटकळत ठेवून पाच खोट्यांना पकडायचं की पाच खोटे पत्करून शंभर खऱ्यांना वेळेत द्यायचं हा निर्णय साथीच्या मधोमध घ्यायचा नसतो, आधीच घेऊन ठेवायचा असतो. माझं मत विचाराल तर दुसरा. रोजगार बुडालेल्या माणसाला सहा महिन्यांनी मिळालेलं भाडं म्हणजे सावकाराकडून काढलेल्या कर्जाचं व्याज फेडायला दिलेली रक्कम असते.

न्यूयॉर्कचं उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलकं आहे. त्यांची योजना १ जून २०२१ ला सुरू झाली, इतर राज्यांच्या फार मागे, पोर्टल अडखळत होतं आणि जुलैच्या मध्यापर्यंत वाटप जवळपास शून्य. पण त्यांच्या कायद्यात दोन-तीन गोष्टी फार हुशारीने घातल्या होत्या. अर्ज नुसता दाखल केला तरी निकाल लागेपर्यंत मालकाला बाहेर काढता येत नव्हतं. मालकाने पैसे घेतले की त्या थकबाकीवरचा दंड माफ, वर्षभर भाडंवाढ बंद, आणि करार संपला एवढ्या कारणावरून वर्षभर काढायचं नाही. आणि मालकाने बारा महिने पैसे नाकारलेच तर त्याने तेवढी थकबाकी सोडली असं धरायचं. म्हणजे सरकार पैसे देतंय तर बदल्यात काहीतरी मागतंयही. पुढे निधी संपत आला म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये बहुतेकांसाठी अर्ज बंद केले, कोर्टाच्या आदेशाने जानेवारी २०२२ मध्ये परत उघडले, आणि जानेवारी २०२३ मध्ये कायमचे बंद.

फिलाडेल्फियाने वेगळीच शक्कल काढली. तिथे तेव्हा भाडं थकलंय म्हणून मालकाला कोर्टात जायचं असेल तर आधी भाडे मदतीसाठी अर्ज करायचा, ४५ दिवस थांबायचं आणि मध्यस्थाबरोबर बसायचं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण यामुळे अर्जासाठी धावपळ करायची जबाबदारी मालकावर पण आली आणि कागद गोळा करणं अचानक सोपं झालं, कारण करार, पावत्या, हिशोब हे सगळं मालकाकडे असतंच.

न्यू जर्सीतला एक निर्णय मला सगळ्यात जास्त आवडला, आणि एडिसन, जर्सी सिटीकडे आपली मराठी मंडळी भरपूर आहेत त्यांना तो आठवत असेल. २४ एप्रिल २०२० ला गव्हर्नरने आदेश काढला की भाडेकरूला आपलं डिपॉझिट भाड्यापोटी वळतं करायला सांगता येईल आणि मालकाला नाही म्हणता येणार नाही. सरकारचा एक पैसा गेला नाही. पैसे भाडेकरूचेच, मालकाकडे पडून असलेले. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर देश सोडा अशी परिस्थिती असते, त्यात अडकलेल्या कुटुंबाला दीड महिन्याच्या डिपॉझिटचाही केवढा आधार. शिवाय बऱ्याच जणांना वाटायचं की सरकारी मदत घेतली तर पुढे ग्रीन कार्डला नडेल. भाडे मदतीच्या केंद्रीय कायद्यात इमिग्रेशनची अट मुळात नव्हती आणि न्यूयॉर्कने तर उघड सांगितलं होतं की त्याने फरक पडत नाही, पण भीती असली की लोक अर्जच करत नाहीत, नियम काहीही म्हणोत.

आता घरी येऊ. तिसऱ्या प्रकारच्या मदतीचं नाव आपल्या देशात ठळकपणे एकाच ठिकाणी निघालं, दिल्लीत. २९ मार्च २०२० ला मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल पत्रकार परिषदेत म्हणाले की गरीब भाडेकरूला भाडं देणं जमलं नाही तर त्याच्या वतीने सरकार देईल. मजूर गावाकडे चालत निघाले होते, त्यांना थांबवायचं होतं. पैसे काही आले नाहीत. मग काही भाडेकरू आणि एक घरमालक हायकोर्टात गेले, आणि २२ जुलै २०२१ ला न्यायमूर्ती प्रतिभा सिंग यांनी निकाल दिला की मुख्यमंत्र्याने लोकांना दिलेलं असं आश्वासन म्हणजे नुसतं भाषण नव्हे, सरकारने त्यावर सहा आठवड्यांत निर्णय घ्यावा. सरकारने अपील केलं आणि २७ सप्टेंबरला दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने त्या निकालाला स्थगिती दिली. सरकार अपिलात जिंकलं-हरलं यापेक्षा मला वाईट वाटतं ते याचं की कोण पात्र, किती महिने, पैसे कोणाच्या खात्यात, हा साधा आराखडा सुद्धा त्या घोषणेमागे नव्हता.

आणि कोर्टाने भाडं माफ करावं ही आशाही फारशी कामाची नाही. मे २०२० मध्ये दिल्लीतल्या खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या केसमध्ये हायकोर्टाने सांगितलं की लॉकडाऊन लागला म्हणून भाडं आपोआप थांबत नाही. करारात तशी आपत्तीची अट असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर द्यायचंच, फार तर थोडी मुदत मिळेल.

महाराष्ट्राने १३ एप्रिल २०२१ ला दुसऱ्या लाटेत ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात परवानाधारक रिक्षावाले, नोंदणीकृत बांधकाम मजूर, फेरीवाले, घरकामगार यांना १,५०० रुपये होते. भाड्याचं वेगळं काही नाही. मुंबईत दीड हजारात झोपडपट्टीतल्या खोलीचं महिन्याचं भाडं पण सुटत नाही, आणि पुन्हा तेच, "परवानाधारक", "नोंदणीकृत". एखाद्याची रिक्षा दुसऱ्याच्या परमिटवर असेल तर तो यादीत नाही.

मुंबईत समजा उद्या खरंच भाडे मदत द्यायची ठरली तर घोडं अडणार ते कागदावर. पागडीवाल्या जुन्या भाडेकरूचा प्रश्न नाही, त्याचं भाडं कधी थकण्याएवढं नसतंच. प्रश्न आहे तो झोपडपट्टीतल्या पोटमाळ्यावर राहणाऱ्यांचा, जिथे खालच्या खोलीवाला मालक, वीजमीटर त्याच्या नावावर, रेशनकार्ड गावचं, करार कसला म्हणून विचारू नका आणि भाडं दर पाच तारखेला हातात. असा मालक सरकारी फॉर्मवर सही करायला येणार नाही, कारण त्याची स्वतःचीच खोली कागदावर धड नसते. म्हणून इथे मालकामार्फत मदत हा मार्ग मला चालेलसा वाटत नाही, भाडेकरूच्या खात्यात थेट आणि वस्ती बघून, दारोदार पुरावे न मागता, एवढंच जमेल. आणि डिपॉझिट वळतं करायचा न्यू जर्सीवाला नियम तर २०२० मध्येही करता आला असता, आपल्याकडे डिपॉझिट तसंही कित्येक महिन्यांचं घेतात.

तोपर्यंत हातात काय आहे ते माहीत असावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये कलम १५ प्रमाणे भाडेकरूला थकबाकीसाठी लेखी नोटीस दिल्यावर ९० दिवस गेल्याशिवाय मालकाला दावा लावता येत नाही, आणि दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी १५ टक्के साध्या व्याजासकट भरली, पुढे निकालापर्यंत भाडं नियमित भरत राहिलात आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिलात तर घर जात नाही. पण हे कायद्याच्या भाषेत जो भाडेकरू आहे त्याच्यासाठी. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवाल्याला हे लागू नाही, त्याला कलम २४ आहे, मुदत संपल्यावर राहिलात तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि रजिस्टर केलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची, आणि तो तसा नसेल तर वाद झाल्यावर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. एजंट तुम्हाला हे सांगणार नाही. आणि भाडं थकलं म्हणून नळ किंवा लाईट तोडणं कलम २९ प्रमाणे मालकाला चालत नाही, तसं झालं तर कोर्टात अर्ज करून ते परत चालू करून घेता येतं. भाडं रोख देत असाल तर पावती घ्या, तो देत नसेल तर निदान यूपीआयने पाठवा आणि शेऱ्यात महिना लिहा.